बाटल्या गोळा करणाऱ्या सिस्टर

कापगते सिस्टर बाळाचा चेहरा सगळ्यात शेवटी पाहायच्या. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग उजव्या हाताची करंगळी बाळाच्या ओठांवर टेकवायच्या. बाळाने तोंड उघडलं की करंगळी आत. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारख्या डोळे मिटून उभ्या राहायच्या. बाळ बोट चोखत असायचं आणि सिस्टर मनातल्या मनात काहीतरी मोजत असायच्या. मग सांगायच्या, "जीभ बरोबर खाली घेऊन राहिली. टाळू रुंद आहे. चांगली आवळून पिते पोट्टी." एवढं झाल्यावर त्या पहिल्यांदा बाळाकडे बघून हसायच्या आणि विचारायच्या, "नाव काय ठेवलं?"

मी त्या वेळी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कंत्राटावर दंतवैद्य होते. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे पहिले सहा महिने तिकडची बोली समजून घेण्यातच गेले. पंधरा दिवसांतून एका मंगळवारी आमची गाडी दरेकशाच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रावर जायची. पुष्पा कापगते तिथल्या परिचारिका. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. उंचीने बुटक्या, आवाज मोठा, पांढऱ्या साडीच्या पदराला कायम एक सेफ्टीपिन. वय पंचावन्नच्या आसपास. माझ्या खुर्चीवर येणाऱ्या मुलांचे दात मी पाहायची, पण त्या दातांचा इतिहास सिस्टरांकडे असायचा. कोण किती महिने अंगावर प्यालं, कोणाला वरचं दूध कधी लागलं, कोणाच्या तोंडात झोपताना बाटली असते, सगळं तोंडपाठ.

उपकेंद्र म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे त्यांचं राहतं घर, एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. मध्ये एक दार. चौदा वर्षं त्या तिथे होत्या. नेमणुकीच्या गावीच राहायचं असा नियम, त्यामुळे गाव सोडून रात्री कुठे जायची सोय नव्हती. घर त्यांचं केशोरीला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली होती, धानाची शेती दीर बघायचे. दर वर्षी त्या बदलीचा अर्ज करायच्या आणि त्याची प्रत एका फायलीत लावून ठेवायच्या.

मी एकदा विचारलं, "बदली का होत नाही तुमची?"

"माह्या जागेवर यायले कोनी तयार नाई, मॅडम. अन् कोनी आल्याबिगर मले सोडत नाई." एवढं बोलून त्यांनी लशीचा डबा उघडला. "पिंजऱ्यातल्या पोपटाले तरी कोनी असं नाई सांगत, का दुसरा पोपट आला का तुले सोडतो म्हणून."

त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. खिडकीबाहेर तिन्ही बाजूंनी डोंगर होता आणि चौथ्या बाजूला आमची गाडी उभी होती.

बाटल्यांवर त्यांचा राग असा, की एखाद्या माणसावर असावा. कोणाच्या घरी दुधाची बाटली दिसली की ती उचलून पिशवीत टाकायच्या आणि त्याऐवजी वाटी-चमचा हातात द्यायच्या. जमवलेल्या बाटल्या एका पोत्यात भरून ठेवलेल्या असत आणि ते पोतं लसीकरणाच्या दिवशी मुद्दाम दारात ठेवलेलं असे. बायकांना त्या सांगायच्या, "आईचं दूध काय नुसतं पोटासाठी असते का? लेकरू छातीले लागते तवा त्याचा पुरा जबडा काम करते. जीभ, गाल, टाळू, सगळं. बाटलीत काय, टपटप पडते अन् हे गिळते. कसरत नाई तर जबडा वाढल कसा? अन् जबडाच लहान राहिला तर दात कुठं बसतील, एकमेकाच्या डोक्यावर?"

मी कॉलेजात हे चार तासांत शिकले होते. त्या चार वाक्यांत सांगत. सगळंच दुधावर ढकलता येत नाही, दातांची ठेवण आईबापांकडूनही येते, अंगठा चोखण्यानेही बिघडते, असं मी त्यांना म्हणायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आईबाप बदलवता नाई येत. बाटली येते."

फुलवंता मडावीची मोठी मुलगी त्यांनीच माझ्याकडे आणली होती. चार वर्षांची. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत काळे पडून झिजलेले, एकाच्या मुळाशी पू. फुलवंता तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात जायची आणि मुलगी आजीजवळ असायची. आजी बाटलीत साखर घातलेला चहा-दूध भरून तोंडात द्यायची. मुलगी ती चोखत झोपायची आणि गोड दूध दातांवर तसंच राहायचं. दात काढण्यावाचून इलाज नव्हता. मी काढत होते तेव्हा फुलवंता भिंतीला टेकून उभी होती आणि सिस्टर तिला सगळ्यांदेखत फैलावर घेत होत्या.

"तुले सांगतलं होतं का नाई? सांगतलं होतं का नाई? मंग काऊन नाई ऐकलं?"

फुलवंताने फक्त सिस्टरांकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नव्हती, आणि मी सिस्टरांना थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. फुलवंताला त्या वेळी पाचवा महिना होता.

पण दुसऱ्या बाळाच्या वेळी तिने सिस्टरांचा शब्दन् शब्द ऐकला. मुलगा झाला, त्याला पहिला चीक पाजला, आणि त्या मोसमात ती तेंदूपत्त्याला गेलीच नाही. सासू रोज कुरकुरायची. फुलवंता मोहाची फुलं वेचायला जायची तेव्हा बाळ पाठीशी बांधून न्यायची. सिस्टर त्या बाळाचं तोंड बघून इतक्या खूश व्हायच्या, की दुसऱ्या बायकांना बोलावून दाखवायच्या.

त्यांचं सगळं काम मात्र रागावण्याचं नव्हतं. एकदा शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, अकरा दिवसांचं बाळ आलं. वजन घटत चाललेलं. सोबत सासू आणि सून. सून एकोणीस-वीसची, डोळे रडून सुजलेले. सासूने आल्या आल्या जाहीर केलं, "हिच्या अंगात दूधच नाई. पावडरचा डब्बा लिहून द्या." सिस्टरांनी हात धुतले आणि करंगळी आत घातली. डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी पाहा. जीभ पुढं येतच नाई."

मी पाहिलं. जिभेखालचा पडदा टोकापर्यंत चिकटलेला होता. बाळ धरायला जायचं आणि सुटायचं, धरायला जायचं आणि सुटायचं, आणि थकून झोपी जायचं. अकरा दिवस ते घर त्या मुलीला भाकड गायीसारखं वागवत होतं. त्याच दिवशी आमच्या गाडीतून त्यांना आणि सिस्टरांना रुग्णालयात नेलं, बालरोगतज्ज्ञांनी आणि मी मिळून तो पडदा कापला. काम मिनिटाभराचं. बाळाला लगेच छातीला लावलं. ते एकदा सुटलं, दुसऱ्यांदा धरलं आणि मग घुटक्यांचा आवाज यायला लागला. सिस्टर सासूकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "दूध होतं जी. रस्ता बंद होता." सून हुंदके देऊन रडायला लागली, पण बाळाला तिने तसूभरही हलू दिलं नाही.

हे सगळं सांगतेय ते पुढचं कळावं म्हणून.

त्या दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मधलं दार बंद दिसलं. एरवी ते सताड उघडं असायचं, आम्ही चहाला आत जायचो. त्या दिवशी सिस्टर बायकांना आत फिरकू देत नव्हत्या. दाराआडून लहान मुलाचं रडणं यायचं, सिस्टर हातातलं टाकून आत जायच्या, रडणं एकदम थांबायचं आणि त्या बाहेर यायच्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "वैशालीची पोट्टी. इथं ठेवली आहे."

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. नवरा गुजरातेत कारखान्यात, सासू अंथरुणाला खिळलेली. बाळंतपणाची रजा तीन महिन्यांत संपली आणि कामावर ये नाहीतर जागा भरतो, असा निरोप आला. मुलीला ठेवायला आजीखेरीज कोणी नव्हतं, आणि आजीला गाव सोडता येत नव्हतं. म्हणून साडेतीन महिन्यांची चिऊ डोंगरात आली.

पुढच्या खेपेला मी हात धुवायला म्हणून मागच्या बाजूने आत गेले. पाळण्यात चिऊ झोपली होती आणि तिच्या तोंडात बाटली होती. चादरीच्या गुंडाळीला टेकवून ठेवलेली.

सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पाहू नका मॅडम," एवढंच म्हणाल्या.

मग चुलीजवळच्या पाटावर बसून बोलल्या. सुरुवातीचे पंधरा दिवस वाटी-चमच्यानेच पाजलं. वैशालीने काढून ठेवलेलं दूध दोन दिवसांत संपलं, तिकडे धावपळीत तिचंही आटत गेलं, मग डबा आणावा लागला. चमच्याने पाजायला एका वेळेला पाऊण तास लागतो. बाहेर बायका ताटकळतात, कोणाला कळा सुरू असतात, मुलगी रडून निळी पडते. "एक दिवस डिलिव्हरी चालू होती. हे इकडं रडून राहिलं, ते तिकडं. माह्याजवळ दोनच हात. मी पोत्यातली एक बाटली काढली, उकळली अन् देली." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "तवापासून चमचा धरतच नाई ते."

मी म्हटलं, "सिस्टर, तुमचा इलाज नव्हता."

"फुलवंताचा तरी होता का?" त्यांनी विचारलं.

ते लपवणं त्यांना झेपत नव्हतं. बायकांशी बोलताना लक्ष दाराकडे असायचं. दारातलं पोतं उचलून त्यांनी माळ्यावर टाकलं होतं. बाटलीबद्दल बोलणं त्यांनी बंद केलं आणि एकाही बाईच्या ते लक्षात आलं नाही असं त्यांना वाटत होतं.

जानेवारीतला मंगळवार. व्हरांड्यात पंधरा-वीस बायका. सिस्टर एका बाळाच्या मांडीत सुई टोचत होत्या तेवढ्यात आत चिऊने टाहो फोडला. फुलवंता दाराजवळ बसली होती. तिने आपला मुलगा शेजारणीच्या मांडीवर दिला आणि कोणी काही म्हणायच्या आत दार ढकलून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातावर चिऊ होती आणि दुसऱ्या हातात बाटली.

"हे काय होय, सिस्टरबाई?"

सगळ्या बायकांच्या माना बाटलीकडे वळल्या.

"माह्या पोरीचे दात काढले तवा तुमी मले काय काय बोलल्या. या सगळ्याहीच्या समोर. मी जंगलात जावो पोटासाठी. मी का मजेनं जावो? सासूच्या शिव्या खाल्ल्या, पान तोडाले गेली नाई, कायले? तुमी सांगतलं म्हणून. अन् तुमच्या घरात हे?"

मला वाटलं सिस्टर काहीतरी कारण सांगतील. कारणं होतीच. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "हो. माह्याच घरात आहे. तुही चूक नाई. तवाबी नव्हती."

फुलवंताने मुलगी त्यांच्या हातात दिली, बाटली टेबलावर ठेवली, आपलं बाळ उचललं आणि लस न घेताच निघून गेली. तिच्यामागे आणखी चौघी-पाचजणी गेल्या.

त्यानंतरचा महिना मी पाहिला तो मला आठवावासाही वाटत नाही. लसीकरणाला निम्म्या बायका. ज्या यायच्या त्या सुई टोचून घ्यायच्या आणि काही न विचारता जायच्या. टोल्यावर दोन घरी पुन्हा बाटल्या आल्या. सिस्टर त्या पाहून काही न बोलता माघारी आल्या. मला म्हणाल्या, "कोनत्या तोंडानं बोलू?" त्यांना तिथून जाता येत नव्हतं आणि तिथे राहूनही काही करता येत नव्हतं. संध्याकाळी चिऊला खांद्यावर टाकून त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायच्या, कारण फोनला रेंज तिथेच यायची. वैशालीशी बोलायच्या आणि परत यायच्या. तेवढंच फिरणं.

महिन्याने फुलवंता आली. बाळाची राहिलेली लस घ्यायला आली असं सगळ्यांना वाटलं. लस झाली. मग ती सरळ आत गेली आणि पाळण्यातून चिऊला उचलून पदराखाली घेतलं.

सिस्टर धावत गेल्या. "नाई नाई फुलवंता. असं नाई करता येत. नियमात नाई बसत."

"आमच्याकडं एकीले ताप आला का दुसरी पाजते. त्याले कोनाचा नियम लागते?" फुलवंता त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "त्या दिवशी हिले उचललं तवा माहा पान्हा फुटला. महिनाभर कानात रडून राहिली हे पोट्टी. तुमच्यासाठी नाई आली मी."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. एकीचं दूध दुसरीच्या बाळाला म्हटलं की रक्ताची तपासणी आधी हवी, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आणि फुलवंताचे गरोदरपणातले सगळे कागद सिस्टरांच्याच कपाटात होते. तरी त्यांनी त्याच वेळी तिचं बोट टोचून किटवर रक्त पुन्हा तपासलं. फुलवंता हसली. "टोचा, टोचा. पाजायच्या आधी बोट टोचनारी तुमीच एक."

चिऊने धरलं नाही. बाटलीची सवय झाल्याने ती जीभ पुढे ढकलायची, तोंड फिरवायची, रडायची. फुलवंता सकाळ-संध्याकाळ येत राहिली. आठव्या की नवव्या दिवशी चिऊने धरलं, असं सिस्टरांनी मला पुढच्या मंगळवारी सांगितलं. दिवसातून दोनदा फुलवंता, बाकीच्या वेळी वाटी-चमचा. आता बायकाच आळीपाळीने चमचा धरायला बसू लागल्या. फुलवंताने तशी पाळीच लावून दिली होती. सिस्टरांची बाटली फुलवंताने स्वतः ठेचून उकिरड्यावर टाकली.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण मार्चमध्ये वैशाली दोन दिवसांच्या सुटीवर आली आणि तिने आपली मुलगी फुलवंताच्या मांडीवर पाहिली.

वैशाली उंच, सावळी, आईपेक्षा शांत आवाजाची. बोलताना तोंडासमोर हात धरायची सवय. मला वाटलं ती शुद्धपणाबद्दल, जातीबद्दल काही बोलेल. तसं काही ती बोलली नाही. चिऊला घ्यायला तिने हात पुढे केले. चिऊने तोंड फिरवलं आणि फुलवंताच्या चोळीला घट्ट धरलं. वैशालीचे हात तसेच राहिले.

फुलवंता उठून बाहेर गेली. मीही उठले, पण खोली एवढीशी, की ऐकू आलंच.

"आई, तू सगळ्या गावाच्या लेकरांचं तोंड पाहतेस. माझं पाहिलं होतंस?"

तिने तोंडावरचा हात काढला. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वरचा जबडा अरुंद, पुढे आलेला. मला एका नजरेत सगळं दिसलं.

"तू दीड महिन्याची होती तवा मले ट्रेनिंगले बोलावलं," सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुले आजीजवळ ठेवली. चार वर्षं तुह्या तोंडात बाटली होती. नोकरी सोडली असती तर खायले नव्हतं, वैशू. मले काय माईत होतं तवा? जे माईत झालं ते तुले पाहूनच झालं."

"आणि आता मीही तेच करतेय," वैशाली म्हणाली आणि खाली बसली.

मायलेकी दोन्ही बाजूंना बसून होत्या, मध्ये पाळणा. बऱ्याच वेळाने सिस्टर उठल्या आणि त्यांनी फुलवंताला हाक मारली. फुलवंता आली. तिने वैशालीला शेजारी बसवलं, चिऊ पिऊन पेंगायला लागली तशी अलगद वैशालीच्या मांडीवर सरकवली आणि म्हणाली, "हालू नको. वास घेऊ दे तिले." चिऊ हलली, नाक घासलं आणि तशीच झोपली. वैशाली दोन तास त्याच जागी बसून होती. मांडीला मुंग्या आल्या तरी उठली नाही.

त्यानंतर ती दर पंधरवड्याला येऊ लागली. पावसाळा सरता सरता चिऊ भात-वरण खायला लागली, वर दोन आणि खाली दोन असे दात आले. जेवण झालं की सिस्टर ओल्या फडक्याने ते पुसायच्या. वैशालीला नागपुरात तिच्याच दवाखान्यातली एक नर्स भेटली, तिलाही लहान मूल. दोघींनी खोली भाड्याने घेतली आणि एकीची दिवसपाळी तर दुसरीची रात्रपाळी अशी वाटणी केली. चिऊला न्यायचं ठरलं.

माझंही कंत्राट त्याच सुमाराला संपलं. शेवटच्या दिवशी आमची गाडी दुसरीकडे गेली होती, म्हणून मी दरेकशाच्या स्टेशनवरून पॅसेंजरने निघाले. एवढंसं स्टेशन, दोन बाकं, मागे जंगल. वैशाली आणि चिऊ त्याच गाडीने निघाल्या होत्या. पोचवायला सिस्टर आल्या होत्या, हातात चिऊची पिशवी. फुलवंता आली नव्हती. ती आदल्या दिवशीच चिऊला भेटून गेली होती आणि स्टेशनवर येणार नाही असं तिने सांगितलं होतं.

गाडी आली. सिस्टर पिशवी घेऊन डब्यात चढल्या. चिऊला खिडकीजवळ बसवलं, पिशवी बाकाखाली सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. मग वैशालीच्या शेजारी बसूनच राहिल्या. गाडीने शिटी दिली तरी उठल्या नाहीत. वैशालीने त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, चल ना." सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. क्षणभर मला खरंच वाटलं की या येतात आता. गाडी हलली.

तेव्हा त्या उठल्या आणि दाराकडे पळाल्या. चालत्या गाडीतून उतरताना चार पावलं धडपडल्या, एक चप्पल निसटली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सिस्टर एका पायावर उभ्या राहून चप्पल शोधत होत्या तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. गाडीने वेग घेईपर्यंत त्यांचा तो मोठा आवाज मला ऐकू येत होता, "पानी जाऊन किती वेळ झाला? झोपवून ठेवा तिले, चालवू नका. मी निघालीच," आणि चप्पल तशीच टाकून त्या फलाटाच्या उताराकडे वळल्या. गाडीकडे त्यांची पाठ होती.